तिरपा उजेड

अर्धवट जळलेली मेणबत्ती, सुकलेला गुलाब, बंद पडलेलं मनगटी घड्याळ, उघड्या पुस्तकावर काढून ठेवलेला चष्मा. 'काहीतरी अर्थ असलेला' फोटो काढायचं मनात आलं की हौशी माणसाचा हात आधी याच वस्तूंकडे जातो. माझाही गेला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण ही मंडळी चारशे वर्षं याच नोकरीत आहेत. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पीटर क्लास, विलेम हेडा, हार्मेन स्टेनवाइक या चित्रकारांनी टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ, नुकतीच विझलेली वात, कलंडलेला पेला असं काय काय मांडून जी चित्रं रंगवली, त्यांना 'वॅनिटास' म्हणतात. वात म्हणजे आयुष्य, कवटी म्हणजे शेवट, अर्धवट सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला देखणं आणि चवीला आंबट असं सुख. चित्रं विकत घेणारे लोक दर्यावर्दी व्यापारावर श्रीमंत झालेले. त्यामुळे कवटीच्या शेजारी महागडा पेला आणि लांबच्या समुद्रातला शंखही असायचा. वैभव दाखवायचं आणि वैराग्यही मिरवायचं, तेही एकाच चौकटीत. श्रीखंडाची वाटी पुढे ओढता ओढता 'कशाला एवढं केलंत' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखं.

अशा फोटोंना दाद लगेच मिळते. मी फोटो मोबाइलवरून लोकांपुढे ठेवायला लागले तेव्हा मेणबत्तीच्या फोटोवर जोडलेल्या हातांची, फुलांची आणि डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुण्याच्या मावसबहिणीनं 'खूप खोल' एवढंच लिहिलं. काय खोल, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, आणि मलाही. मेणबत्ती म्हणजे आयुष्य हे तिला आधीच ठाऊक होतं. खूण ओळखली, मान डोलावली, अंगठा पुढे सरकला. त्या फोटोतली मेणबत्ती पांढरी होती की पिवळी, हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवलं नसतं. फोटो काढून तो असा चारचौघांत ठेवण्याचा मला झालेला पहिला उपयोग हाच: कोणत्या फोटोवर माणूस थबकतो आणि कोणत्या फोटोला नुसता नमस्कार करून जातो, यातला फरक दिसायला लागला.

मी इंदूरला रामबागेत राहते. घर जुनं, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं. माझी नोकरी बँकेतली, म्हणजे कलेशी संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरापुरता. मामेभावानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला, सोबत ५० मिलिमीटरची एक लेन्स. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सराफ्यातली रात्रीची खाऊगर्दी टिपणारे आमच्या शहरात पुष्कळ आहेत, आणि गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहायला मला संकोच वाटतो. वस्तूंचं बरं असतं. त्या 'आमचा कशाला' म्हणत नाहीत, पोट आत ओढत नाहीत, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मध्येच उठून गेलं तरी जागच्या हलत नाहीत.

खरं तर प्रतीकं वाचायला शिकण्यासाठी आपल्याला हॉलंडपर्यंत जायची काही गरज नाही. आपल्या घरात वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी मांडलेलं असतंच. पाटावर तांदळाची रास, रासेवर सुपारी, आणि गुरुजींनी आवाहन केलं की ती सुपारी गणपती. सत्यनारायणाच्या चौरंगावर अशाच सुपाऱ्यांचे नवग्रह होतात. संक्रांतीच्या सुगडात बोरं, गाजर, हरभरे, उसाचे करवे. गुढी तर मला आपल्याकडचं सगळ्यात धीट स्थिरचित्र, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचं चित्र, वाटतं: काठीला उपडा तांब्या, जरीचं वस्त्र, कडुलिंब आणि साखरेच्या गाठी, आणि हे सगळं खिडकीबाहेर, उन्हात. उत्तरपूजा झाली की सुपारी पुन्हा सुपारी होते आणि गुरुजींच्या पिशवीत जाते, तांब्या पुन्हा पाणी भरायला लागतो. वस्तू तीच. तिच्यावर अर्थ बसवला जातो आणि रीतसर उतरवूनही ठेवला जातो, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

पण ते बसवणं एकट्याचं नसतं. सुपारीत गणपती दिसायला पिढ्यान्‌पिढ्यांनी संमती दिलेली आहे. मी टेबलावर एखादी किल्ली ठेवून 'हे स्वातंत्र्य' म्हटलं, तर माझ्या पाठीशी कोण आहे? म्हणजे एक तर सगळ्यांना पाठ असलेली खूण वापरायची आणि मेणबत्तीच्या रांगेत उभं राहायचं, नाहीतर वस्तूवरच असं काहीतरी शोधायचं जे बघणाऱ्याला आपण होऊन दिसेल. मला दुसरी वाट जास्त आवडली. वस्तूच्या अंगावर वापराच्या खुणा असतात: झिजलेला काठ, पोचा, हातानं गुळगुळीत झालेली मूठ. त्या वाचायला मंत्र लागत नाहीत. उजेड मात्र लागतो, आणि तोही हवा त्या कोनातून.

या उजेडानं मला जेवढं शिकवलं तेवढं कशानंच नाही, म्हणून त्याबद्दल जरा ऐसपैस लिहिते. फोटोग्राफीच्या पुस्तकांत स्थिरचित्रासाठी उत्तरेची खिडकी सांगतात. तिच्यातून थेट ऊन येत नाही, आभाळाचा मऊ आणि दिवसभर फारसा न बदलणारा उजेड येतो, म्हणून. प्रागच्या जोसेफ सुदेकचं उदाहरण हमखास दिलं जातं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस १९४० नंतर कितीतरी वर्षं आपल्या स्टुडिओची खिडकी आणि साध्यासुध्या वस्तू, पाण्याचा पेला, अंडं, पाव, टिपत राहिला. ते फोटो पाहून मीही आमच्या मागच्या खोलीतली उत्तरेची खिडकी रिकामी केली. लोणच्याच्या बरण्या हलवल्या, त्यावरून घरात थोडं राजकारण झालं. हिवाळाभर सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं. मग उन्हाळा आला आणि सकाळी सकाळी माझ्या मऊ उजेडाच्या टेबलावर उन्हाची सरळ पट्टी पडली.

प्राग ५० अंश उत्तरेला आहे, इंदूर २२.७ अंशांवर. कर्कवृत्त आमच्या उत्तरेला, उज्जैनच्या बाजूनं जातं. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत ऊन येणं हे प्रागलाही होतं. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडे भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. पाऊस वेळेवर आला तर ढगांमुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मालव्याची सावली युरोपच्या पुस्तकात कुठून सापडणार? त्यानंतर मी खिडकीचं वेळापत्रक स्वतःच मांडलं. डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम ४४ अंश वर येतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन खोलीत लांबवर शिरतं आणि त्यावर बटर पेपर लावला की उत्तम, मोठा, मऊ दिवा तयार होतो. मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीला सकाळी बटर पेपर, दहानंतर मोकळी. पावसाळ्यात काहीच करावं लागत नाही. आभाळच बटर पेपर होतं, फक्त एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, लांबतं आणि तिपाईशिवाय भागत नाही.

वस्तू खिडकीच्या अगदी जवळ ठेवली की एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. मागे सरकवली की दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो, पण उजेडही कमी. अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला तर सावली उघडते, काळा कागद उभा केला तर ती आणखी गडद होते. एवढीच ही विद्या. पुढून पडलेला उजेड, म्हणजे मोबाइलचा फ्लॅश, वस्तूला चपटी करतो. पोचे, ओरखडे, झीज सगळं पुसून टाकतो. बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाणारा उजेड बारीकशा उंचवट्याचीही सावली पाडतो. जुने शिलालेख वाचणारे लोक दगडावर असाच तिरपा उजेड टाकतात. नव्या मोबाइलची एक खोड इथे लक्षात ठेवावी लागते: तो आपण होऊन सावल्या उजळवतो, सगळं नीट दिसावं म्हणून. स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली की सावल्या परत येतात. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांना मी एवढंच सांगते.

पितळ हा वेगळाच प्रकार. घासलेल्या पितळी तांब्याचा फोटो काढला तर त्यात तांब्या कमी आणि आपलं घर जास्त दिसतं: खिडकीचे गज, पंखा, तिपाई, मागे वाकलेली मी, आणि दारातून डोकावणाऱ्या सासूबाई. गोल भांडं जवळजवळ सगळी खोली पोटात घेतं. एका अनोळखी गृहस्थांनी माझा फोटो बघून कळवलं, 'तांब्याला काय दिसतंय ते आधी ठरवा, मग तुम्हाला काय दिसेल ते आपोआप ठरेल.' उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला आलं. आता दोन्ही बाजूंना काळे चार्ट पेपर उभे करते. त्यानं तांब्याच्या कडा गडद रेघेसारख्या उठतात. मध्ये बटर पेपरची एक उजळ पट्टी सोडते. मीही काळा कुर्ता घालते. पहिल्यांदा घातला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आज संक्रांत आहे का गं?"

याच खटाटोपात डब्याचं प्रकरण घडलं. आमच्याकडे एक जाड पितळी डबा आहे, माझ्या आजेसासूबाईंच्या लग्नातला. त्याच्या कडेखाली ठिपक्या-ठिपक्यांत नाव घातलेलं: चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून सप्रेम भेट, आणि साल १९४७. असली नावं मराठी घरात कुणी वाचत नाही. भांड्यावर नाव असायचंच, कारण लग्नकार्यात भांडी शेजारीपाजारी जायची आणि नावानिशी परत यायची. छायाचित्रणाच्या आरंभकाळात इंग्लंडच्या टालबॉटनं १८४४ मध्ये आपल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो छापला होता आणि सोबत लिहिलं होतं की ही भांडी चोरीला गेली तर हा फोटो कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येईल. फोटो आणि भांड्यावरचं नाव यांचं मूळ काम एकच म्हणायचं.

मी डबा आडवा करून नावावर तिरपा उजेड टाकला. ठिपके छान उठून आले. पण त्यांच्या खाली आणखी काही ठिपके होते, घासून बुजवलेले, अर्धवट. धुरकट आरशात बघितल्यासारखे अंधुक. बटर पेपर काढला, उजेड आणखी खाली आणला, तेव्हा एक 'सौ.' दिसला, पुढे वेगळंच नाव, आणि सालातला एक चार. आतापर्यंत पाऊणशे वर्षं त्या डब्यात बेसन राहिलं, रोज कुणी ना कुणी तो हाताळला, आणि हे कुणालाच दिसलं नव्हतं. मामांनी दुसऱ्या कुणाला तरी आलेली भेट नाव घासून भाचीला दिली होती! सासूबाईंना दाखवलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "४७ साल होतं. पितळ मिळत नसेल. मामांचं तरी काय चुकलं?" नंतर थोडं थांबून, "पण ते आधीचं नाव कुणाचं असेल?"

तो फोटो मी दोन्ही नावांतला ओळखू येणारा भाग चौकटीबाहेर ठेवून लोकांपुढे ठेवला. खाली एक ओळही लिहिली नाही. हात जोडलेले थोडेच आले. पण ग्वाल्हेरहून, बडोद्याहून, नागपूरहून लोकांनी आपापल्या घरातली भांडी उजेडात तिरपी धरून फोटो पाठवले. कुणाच्या तपेलीवर माहेरचं आडनाव, कुणाच्या परातीवर एका मंडळाचं नाव आणि 'परत करावी' अशी तंबी. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या आईच्या घागरीवर नावाच्या जागी नुसता ओरखड्यांचा चौकोन आहे, आणि आईला त्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. लग्न, देणंघेणं, बाईचं बदलणारं नाव, तंगीतली हुशारी, यातलं मी काहीच मांडलं नव्हतं. मी फक्त दिवा खाली आणला होता. बर्तन बाजारात आजही भांडं घेतलं की पोऱ्या विचारतो, "नाम डालना है?" आणि छोट्या मशीननं घरघर करत ठिपके उठवतो. आता मी थांबून बघते. तो ओळ वाकडी घालतो तेव्हा मनातल्या मनात खूश होते.

थोडं विषयांतर. कॅमेऱ्याच्या बाबतीत इंदूर अगदीच पोरकं नाही. लाला दीनदयाळ, एकोणिसाव्या शतकातले हिंदुस्थानातले सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर, पुढे निजामाच्या दरबारात गेले आणि मोठे झाले, पण त्यांनी कॅमेरा हातात घेतला तो इंदूरला, १८७४ च्या सुमारास, बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करता करता. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आधार होता. म्हणजे नोकरी सांभाळून हौस करणाऱ्यांची परंपरा आमच्या गावात बरीच जुनी आहे, हे मी बँकेत डबा खाताना सहकाऱ्यांना ऐकवत असते. दुसरी गंमत इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची. १९३० च्या आगेमागे मॅन रे या अमेरिकन कलावंतानं त्यांचे आणि संयोगिताराणींचे जे फोटो काढले त्यांत ती दोघं अगदी मोकळी, खेळकर दिसतात. हाच मॅन रे कॅमेऱ्याशिवायही फोटो करायचा: फोटोच्या कागदावर थेट वस्तू मांडायच्या, वरून उजेड टाकायचा. वस्तूंच्या जागी पांढऱ्या सावल्या उरायच्या. होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यावरून जाताना मला राजापेक्षा त्या सावल्याच जास्त आठवतात.

आता धोट्याबद्दल, म्हणजे मागावर, गिरणीच्या भाषेत साच्यावर, आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी साधनाबद्दल. माझे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, इथल्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणी केव्हाच बंद झाली. इंदूरच्या गिरण्या एकेक करून गेल्या, चौकांची नावं तेवढी उरली. रिक्षावाल्याला 'मालवा मिल' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री मिल कामगारांच्या झांक्या अजून निघतात. दिव्यांनी मढवलेली, हलणारी चित्रं, देवादिकांपासून चालू घडामोडींपर्यंत. त्या बघायला आख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. वस्तू मांडून गोष्ट सांगणं या शहराला नवीन नाही.

काकांच्या कपाटात एक धोटा होता. टणक लाकडाचा, वीतभराहून मोठा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, मधल्या खाचेत दोरा गुंडाळलेली कांडी बसवायची जागा. मी तो मागितला तेव्हा काका म्हणाले, "घे, पण रंग-बिंग लावू नकोस." सुरुवातीला मी त्याच्याभोवती मांडामांड केली. सुताची लड ठेवली, काकांचं ओळखपत्र ठेवलं, मागे जुन्या कॅलेंडरचं पान लावलं. चित्र सुबक झालं. इतकं सुबक की कुठल्याही 'गेले ते दिन' छापाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणावर चाललं असतं. मग एकेक वस्तू काढत गेले. ओळखपत्र गेलं, पान गेलं, शेवटी सूतही गेलं. उरला धोटा, करड्या दगडी फरशीवर, डावीकडून उजेड.

काका शेजारी खुर्चीत बसून बघत होते. अचानक म्हणाले, "तो डोळा दिसतोय का तुझ्या फोटोत?" धोट्याच्या एका बाजूला बारीक भोक असतं, दोरा बाहेर यायला. कांडी बदलली की ते भोक ओठांना लावून दोरा श्वासानं ओढून घ्यायचा, सुताच्या धुळीसकट. पाळीत किती वेळा ते काकांनी कधी मोजलं नव्हतं. "आधीचा माणूस पाळी संपवून जायचा, त्याचंच तोंड लागलेलं, तेच आपण लावायचं. कोण कुठल्या जातीचा, कुणाला खोकला आहे, साच्यावर कसलं बघतोस?" मी भिंग लावून पाहिलं. बाकी लाकूड घासून मंद झालं होतं, पण त्या भोकाची कड वेगळीच होती: गडद, गुळगुळीत, ओली वाटावी अशी. हातानं येणारी झिलई आणि ओठानं येणारी झिलई वेगळी असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्या कडेवर फोकस धरला. लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं होतं, ते उघडून चारवर आणलं, म्हणजे पुढची पोलादी टोपी धूसर होईल आणि नजर आपोआप त्या डोळ्यावर जाईल. हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण त्या फोटोत जे काही बोलायचं होतं ते मी तिथे बोलले. एरवी मला सगळं टाचणीसारखं स्पष्ट लागतं, धूसर पार्श्वभूमीचा लोकांना एवढा सोस का ते मला कळत नाही.

२०२३ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेल्या देण्याचे २२४ कोटी रुपये मिळाल्याची बातमी आली. शहरभर तीच चर्चा. माझा पुतण्या या सगळ्या मोबाइलच्या व्यवहारात मुरलेला. म्हणाला, "काकू, धोट्याचा फोटो आज टाक. आज लाखभर लोक बघतील." हिशेब त्याचा बरोबर असेलही. पण काकांची गिरणी वेगळी होती, आणि त्या दिवशी तो फोटो टाकला असता तर तो फलक झाला असता. लोकांनी बातमी वाचली असती, ओठांची जागा कुणाला दिसली नसती. काकांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या तोंडाची वस्तू आहे, वर्तमानपत्राची नाही." फोटो होळीनंतर, एका साध्या मंगळवारी लोकांपुढे ठेवला. फार लोकांनी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्यातले दोघे-तिघे गिरणीत काम केलेल्यांच्या घरातले निघाले. एकानं इतकंच लिहिलं: 'बाऊजी के होंठ यहीं से कटे रहते थे.'

फोटोखाली काही लिहावं की नाही यावर आमच्या गोतावळ्यात दोन तट आहेत. मावसबहिणीचं म्हणणं, एखादी कवितेची ओळ असली की फोटो 'पोचतो'. मला उलट वाटतं. ओळ असली की लोक ओळ वाचतात आणि फोटो तिचं चित्र होऊन बसतो. आंद्रे कर्टेशनं १९२६ मध्ये चित्रकार मोंड्रियानच्या घरी त्याचा चष्मा आणि पाइप यांचा फोटो काढला. माणूस चौकटीत नाही, पण मोंड्रियानची काटेकोर, मोजून-मापून जगण्याची तऱ्हा त्या मांडणीत दिसते. आता मान्य करायला हवं की तिथे मोंड्रियानचं नाव कळलं नसतं तर तो नुसता एक चष्मा राहिला असता. म्हणजे नाव हवं, भाष्य नको, इथपर्यंत मी आले आहे. 'धोटा, इंदूर' एवढं पुरतं. मावसबहीण याला कंजूषपणा म्हणते. आमचं भांडण मिटलेलं नाही आणि मला ते मिटायला नकोच आहे, कारण तिला पटवायच्या ईर्ष्येपायी मी पुढचा फोटो जास्त विचार करून काढते.

सध्या टेबलावर पोळपाट आहे. सासूबाईंच्या सासूबाईंचा, शिसवी, तीन पायांचा. इतकी वर्षं लाटून लाटून मधोमध खोलगट झाला आहे, पण डोळ्यांना ते दिसत नाही. कळतं ते फक्त लाटणाऱ्या हाताला. तिरपा उजेडही इथे कमी पडला, कारण खोलगटपणा फार सावकाश उतरणारा आहे, सावली धरत नाही. मग पोळपाटावर चाळणीनं अगदी विरळ पीठ भुरभुरवलं आणि लाटणं आडवं ठेवून कडेवरून सरळ ओढलं. कडेचं पीठ निघून गेलं, मधलं राहिलं. पांढरा गोल उमटला, पण पुरता गोल नाही, उजवीकडे जरा जास्त ओढलेला. घरातल्या सगळ्या बायका उजव्या हाताच्या होत्या. मी तिपाई लावली, काळे कागद उभे केले, दोन सेकंदांचा टायमर ठेवला. तेवढ्यात सासूबाई कणकेची परात घेऊन आल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"झालं का तुझं? मला पोळ्या करायच्यात."

"पाचच मिनिटं, आई. उजेड बरोबर आलाय."

"उजेड उद्याही येईल. पोळ्या काय स्टीलच्या ओट्यावर लाटू?" मग वाकून त्या पिठाच्या गोलाकडे बघत म्हणाल्या, "हे उजवीकडचं माझं नाही हं. मी फिरवून लाटते. हे सासूबाईंचं."